लातूरमधले २६ दिवस: लॉजवर राहून स्वस्तात आणि नीट जेवायचा एक प्रयोग

ऑडिटच्या कामासाठी महिन्यातले १२-१५ दिवस बाहेर असते मी, आणि यंदा हिवाळ्यात लातूरला सलग २६ रात्री लॉजवर काढल्या. त्या २६ दिवसांत काय खाल्लं, किती पैसे गेले, काय जमलं आणि काय फसलं ते सगळं रोज रात्री वहीत लिहून ठेवत होते, सवयच आहे आकड्यांची. त्या वहीतून हे उतरवलंय. माझ्यासारख्या टूरवर फिरणाऱ्या, त्यातही एकट्या राहणाऱ्या बायकांना उपयोग होईल असं खूप मनापासून वाटतं म्हणून अगदी बारीकसारीक पण लिहितेय.

आधी माझी परिस्थिती सांगते. वय ४४, वजन ६२ किलो, पुण्यात राहते. डिसेंबरमध्ये रिपोर्ट केले तर एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची टेस्ट) ६.१ आलं, म्हणजे डायबेटिस नाही पण ५.७ ते ६.४ हा जो मधला पट्टा असतो त्यात मी आलेले. हिमोग्लोबिन १०.४, बायकांचं १२ च्या वर असायला हवं. डॉक्टर म्हणाल्या की गोळ्या देते लोहाच्या, पण तुमचं बाहेरचं खाणं आधी बघा. आता बघा म्हणजे काय बघा, मी सॅलड घेऊन गोदामात जाऊ का, असा तेव्हा राग आला होता खरं सांगायचं तर. घरी असते तेव्हा माझं जेवण व्यवस्थित असतं, बिघडतं ते सगळं टूरवर.

काम होतं स्टॉक ऑडिटचं. सोयाबीन आणि तुरीच्या साठ्यावर बँकेनं कर्ज दिलेलं असतं, तर तेवढी पोती खरंच गोदामात आहेत का, दर्जा काय, ओलावा किती, रजिस्टरला मेळ बसतो का हे बघायचं. बरोबर आमच्याच फर्ममधला २४ वर्षांचा एक मुलगा होता. लॉजची खोली १,४०० रुपये, सकाळचा नाश्ता त्यात धरलेला, फ्रिज नाही. जेवणासाठी फर्म रोजचे ६०० रुपये डीए, म्हणजे दैनिक भत्ता, देते, बिलं मागत नाही, उरले तर आपले.

पहिले ६ दिवस नेहमीसारखे गेले. सकाळी लॉजवर पुरी-भाजी नाहीतर पोहे, वर ब्रेड-जॅम, फुकट आहे म्हणून दोनदा घेतलं जातं. मग गोदाम. आमच्या फर्मचा नियम आहे की ज्याचं ऑडिट करतोय त्या पार्टीचं जेवण घ्यायचं नाही, चहा चालतो. आणि मराठवाड्यात पाहुण्याला नुसतं बसवून ठेवणं कुणाला जमत नाही, त्यामुळे जेवणाला नाही म्हटलं की चहा येतोच, तासाला एक. मोजले तर दिवसाला ६ ते ७ कप, गाड्यावरच्या त्या छोट्या कपात पण दीड-दोन चमचे साखर असतेच, म्हणजे नुसत्या चहातून ५० ग्रॅम साखर. डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना, म्हणते २,००० कॅलरीच्या आहारात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवा, शक्यतो २५ च्या. माझा सगळा कोटा चहातच संपत होता, बिस्किटं वेगळीच. दुपारी वेळ मिळेल तसं कचोरी, समोसा, कधी हायवेच्या ढाब्यावर थाळी.

आणि रात्र, तीच खरी अडचण. पाऊणेआठला खोलीवर यायचं, अंगावर पोत्यांची धूळ, आंघोळ करून नऊ वाजतात, मग एकटीनं बाहेर पडायचा कंटाळा आणि थोडी भीती पण, नवीन गाव असतं, लॉजच्या खालचं हॉटेल म्हणजे परमिट रूमला लागूनच. मग रूम सर्व्हिस. पनीरची भाजी मागवली की ती दोघांपुरती येते, हाफ मिळत नाही, टाकवत नाही म्हणून संपवायची, काजू-मगजची ग्रेव्ही, वर बोटभर तेलाचा तवंग, दोन बटर रोट्या, त्या बहुतेक मैद्याच्या, आणि जिरा राईस. रात्री १० ला हे पोटात घेऊन झोपायचं. सकाळी ॲसिडिटी, पोट साफ नाही, डोकं जड. ६ दिवसांचा खर्च ३,१८० रुपये, म्हणजे दिवसाला ५३०. एवढे पैसे देऊन मी आजारी पडायची सोय करत होते.

सहाव्या दिवशी रात्री वहीत नोंदी वाचताना एक गोष्ट लक्षात आली, आणि पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे म्हणून नीट सांगते. मी काय खायचं हे दर वेळी प्रचंड भूक लागल्यावर ठरवत होते. नऊ वाजता थकून बसलेल्या माणसाला मेनूकार्ड दिलं तर तो पनीर आणि बटरच मागवणार, तिथे निर्धार वगैरे काही कामाचा नसतो. घरी आपण असं करतो का, घरी सकाळीच कडधान्य भिजत टाकलेलं असतं, कणीक मळलेली असते, रात्री काय ते ठरलेलंच असतं. तर टूरवर पण रात्रीचं जेवण सकाळीच ठरलेलं पाहिजे, दुसऱ्या कुणीतरी करून ठेवलेलं पाहिजे. म्हणजेच डबा पाहिजे.

आणि मी होते कुठे तर लातूरमध्ये! बारावी आणि नीटसाठी, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी, अख्ख्या महाराष्ट्रातून मुलं इथे येऊन राहतात, अभ्यासाचा लातूर पॅटर्न सगळ्यांना माहितीय. हजारो मुलं घराबाहेर राहतायत म्हटल्यावर त्यांचं जेवण कुणीतरी करतच असणार, आणि आईबापांना परवडेल अशाच दरात. मी ६ दिवस लॉजचं मेनूकार्ड बघत बसले आणि १५ मिनिटांच्या अंतरावर ट्युशन एरियात गल्लीगल्लीत खानावळी होत्या.

शनिवारी काम लवकर संपलं तशी तिकडे गेले. एका झेरॉक्सच्या दुकानात दोन मुली नोट्स काढत होत्या, त्यांनाच विचारलं की तुम्ही जेवता कुठे. लॉजच्या मॅनेजरला विचारलं असतं तर त्यानं खालचंच हॉटेल सांगितलं असतं. त्या मुली मला सरळ एका घरी घेऊन गेल्या, तिथल्या मावशी फक्त मुलींना डबे देतात, घरातच दोन बायका हाताखाली घेऊन स्वयंपाक. मी लॉजवर राहते म्हटल्यावर मावशींचा पहिला प्रश्न, "अगं बाई, म्हंजे रोज हाटेलातलंच खाऊलालाव व्हय तुम्ही?" मग भाव ठरला. मुलींचा महिन्याचा हिशोब वेगळा असतो, मला थोड्या दिवसांसाठी एका डब्याचे ६५ रुपये सांगितले, दोन वेळचे १३०. मी घासाघीस केली नाही, त्या दरात घरचं अन्न मिळत असताना करू पण नये.

पण डबा जसाच्या तसा घेतला असता तर माझं काम अर्धंच झालं असतं. मुलींच्या डब्यात ३ पोळ्या, सुकी भाजी, वरण आणि भरपूर भात असतो, त्यांच्या वयाला ते ठीक आहे. मी मावशींना सांगितलं की भात नको, त्याऐवजी वरण दुप्पट द्या, रात्री पोळीऐवजी ज्वारीची भाकरी चालेल, आणि दुपारी भाजीबरोबर उसळ असली तर फार बरं. त्यांना नवल वाटलं की पुण्याची बाई भाकरी मागतेय. भाकरी मला नुसती आवडते म्हणून नाही, १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रोटीन आणि तेवढंच फायबर असतं, आणि पोट साफ होण्याचा माझा प्रश्न त्या मैद्याच्या रोट्यांमुळे पण होता. वरण तर विचारूच नका, तुरीच्या गावातलं वरण. लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, दिवसभर मी तुरीची पोती मोजायचे आणि रात्री तेच ताटात. दोनदा येसर आमटी आली, ती मी वाटीनं प्यायले.

दुपारचा डबा सव्वानऊला गोदामाकडे जाताना उचलायचा, रात्रीचा साडेसातपर्यंत मावशींचा मुलगा लॉजच्या काउंटरवर ठेवून जायचा. पहिले दोन दिवस डबा गार मिळाला, मग मी गंजगोलाईत, लातूरच्या मुख्य बाजारात, जाऊन एक गरम राहणारा डबा घेऊन मावशींकडे दिला. आता खोलीत आले की जेवण समोर तयार, आंघोळीच्या आधीच जेवायला लागले मी, आठच्या आत जेवण संपतं, हा फरक पनीर सोडण्यापेक्षा मोठा निघाला असं माझं मत आहे. नंतर चालायला परत ट्युशन एरियातच जायचे, कारण तिथल्या अभ्यासिका उशिरापर्यंत चालू असतात, साडेनऊला सुद्धा रस्त्यावर मुली दिसतात, एकट्या बाईला भीती वाटत नाही.

डब्याबरोबर माझ्या पिशवीत काय होतं ते सांगते. पुण्याहून किटली, दोन स्टीलचे डबे, छोटी सुरी, मेतकूट, जवसाची आणि कारळाची चटणी, एवढंच नेलेलं. मॅनेजरना सुरुवातीलाच विचारलं होतं की खोलीत काही शिजवलं तर चालेल का, ते नाही म्हणाले, गीझर आणि शेगडी एकदम लावली की लाईट जाते आणि आगीची भीती, त्यांचं बरोबरच आहे. किटली चालेल म्हणाले, तीही फक्त पाणी उकळायला. त्यामुळे सगळा बेत न शिजवता खाण्याचा. गाजर, काकडी, टोमॅटो, मुळा, पेरू, हिवाळा असल्यामुळे बाजारात सगळं स्वस्त आणि ताजं, रोज ५० रुपयांत दोघांना पुरेल एवढं यायचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं म्हणणं आहे की दिवसाच्या ताटात अर्धा भाग भाज्या आणि फळांचा असावा, डब्यातली एक सुकी भाजी त्याला पुरत नाही, ती कसर ह्या कच्च्या भाज्यांनी भरून निघाली. दही रोज संध्याकाळी डेअरीतून २०० ग्रॅम, फ्रिज नाही म्हणून तेव्हाच संपवायचं. गोदामात पिशवीत फुटाणे, मूठ-दीड मूठ.

नाश्ता मात्र लॉजचाच ठेवला, पैसे भरलेलेच आहेत ना. फक्त पोहे अर्धी प्लेट, ब्रेड-जॅमला हात नाही, आणि किचनमधल्या दादांना रोज दोन अंडी उकडून द्यायला सांगितलं, त्याचे २० रुपये वेगळे. इडलीच्या दिवशी दोन इडल्या आणि सांबार दोन वाट्या. अंडी खात नसाल तर तिथे उसळ किंवा जास्तीचं दही बसवता येईल.

प्रोटीनचा हिशोब एकदा करून बघितला. वजनाच्या किलोला ०.८३ ग्रॅम धरलं तर मला रोज ५१-५२ ग्रॅम लागतं. दोन अंडी १२, दही ६-७, वरण आणि उसळ मिळून १३-१४, भाकरी-पोळी १५, फुटाणे ६. बसलं की बरोबर! पावडर नाही, बार नाही.

चहाला जास्त त्रास झाला. गाड्यावर साखर आधीच घातलेली असते, बिनसाखरेचा मागून मिळत नाही, आणि गोदामाच्या मालकांना दर वेळी नाही म्हणणं जड जातं, त्यांना ते अपमानासारखं वाटतं. मी मग सरळ सांगायला लागले की शुगर वाढलीय, डॉक्टरांनी बंद केलाय. शुगर म्हटलं की लगेच समजून घेतात लोक, प्रत्येकाच्या घरी कुणीतरी असतंच. दोन कपांवर आले, आणि ते दोन पण जेवणाच्या आगेमागे तासभर नाहीत, कारण जेवणासोबत चहा घेतला की अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. वरणावर लिंबू पिळायचे ते पण त्याच कारणासाठी. एका गोदामात तर चहा नको म्हटल्यावर हमालांच्या बायकांनी मिठाच्या पाण्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा पुढे केल्या, त्यांच्या स्वतःच्या शिदोरीतल्या. तिथे मी फर्मचा नियम आठवत बसले नाही, त्यांच्यासोबत खाली बसून खाल्ल्या.

आता काय फसलं. मटकी. मोड आणायचा माझा उत्साह होता, सकाळी भिजवून रात्री फडक्यात बांधायची, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मोड येतात. पहिल्या दोन वेळा छान झालं, मोडावर किटलीतलं उकळतं पाणी ओतून ५-७ मिनिटं झाकून ठेवायचे, कारण कच्च्या मोडात जंतू वाढायची भीती असते. तिसऱ्या वेळी दिवसभर बंद खोलीत राहिली, आल्यावर दार उघडताच वास. सगळी फेकली आणि परत केली नाही, मावशींच्या उसळीवर भागवलं. मसाला ओट्सची पाकिटं नेली होती ती पण दोनदाच खाल्ली, खारट लागतात, मीठ किती आहे ते पाकिटामागे वाचलं आणि ठेवून दिली. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ म्हणतात, चटणी-भाकरीवर असताना ते आधीच सांभाळावं लागतं.

दुसरं म्हणजे रविवार. खानावळीला रविवारी संध्याकाळी सुट्टी असते, बहुतेक ठिकाणी हीच रीत. पहिल्याच रविवारी ते माहीत नव्हतं, मग आमच्या फर्ममधल्या त्या मुलाबरोबर जाऊन निलंगा राईस खाल्ला, शेंगदाणे घातलेला, तिखट चटणीसोबत, गरमागरम, आणि फार आवडला मला. पुढच्या रविवारी पण खाल्ला. २६ दिवसांत दोन रविवार असं खाल्लं म्हणून काही बिघडत नाही. त्याच्या नंतरच्या रविवारी मात्र दुपारचाच डबा जरा मोठा घेतला आणि संध्याकाळी दही, पेरू, फुटाण्यांवर राहिले.

तो मुलगा आधी रोज रात्री बाहेर खायचा, मी त्याला एका शब्दानं बोलले नाही. तिसऱ्या आठवड्यात पोट बिघडल्यावर स्वतःच म्हणाला, "मॅडम, मला पण सांगा ना डबा." मावशी फक्त मुलींना देतात, पण माझ्या सोबतचा म्हणून त्याला दिला. त्याला रात्री ४ भाकऱ्या लागतात, भात पण लागतो, त्यानं माझ्यासारखं भात बंद करायचं काहीच कारण नव्हतं. प्रत्येकाचा डबा वेगळाच असणार.

पैशाचं सांगते. पुढच्या २० दिवसांत सगळं धरून ५,०६० रुपये गेले, दिवसाला २५३. म्हणजे आधीच्या निम्म्याहून कमी. २६ दिवसांचा डीए १५,६००, एकूण खर्च ८,२४०, शिल्लक ७,३६०. ॲसिडिटीची गोळी दहाव्या दिवसानंतर घेतली नाही. घरी आल्यावर वजन दीड किलो कमी. एचबीए१सीमध्ये मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते त्यामुळे लगेच केलं नाही, तीन महिन्यांनी केलं तेव्हा ५.८ आलं. त्या मधल्या काळात बाकीच्या टूरवर पण हेच चालू होतं आणि घरी चालणं वाढवलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय डब्याला देत नाही. हिमोग्लोबिन ११.३, त्यात लोहाच्या गोळ्यांचा मोठा वाटा आहे.

सगळ्या गावांत लातूरसारख्या खानावळी नसतात हे खरंय. नंतर मी हिंगोलीला गेले तेव्हा सरकारी दवाखान्यातल्या एका सिस्टरना विचारलं की तुमच्यातल्या बाहेरगावच्या सिस्टर कुठून डबा घेतात, पहिल्याच दिवशी नंबर मिळाला. एसटीचे कंडक्टर, बँकेत बदलीवर आलेले लोक, लेडीज हॉस्टेलचा वॉचमन, अशांना विचारायचं. पोहोचल्या दिवशी, भूक लागायच्या आत.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही आणि ती बायकांनाच कळेल. पाणी. गोदामांवर बायकांसाठी संडास नसतो, असला तर दार लागत नाही नाहीतर पाणी नसतं. म्हणून आम्ही सकाळी निघताना पाणी पीत नाही आणि दिवसभर पण टाळतो. वहीत पहिल्या आठवड्यात गोदामातल्या ८ तासांत माझं पाणी अर्धा लिटर सुद्धा नाही. पोट साफ न होण्याचं अर्धं कारण ते होतं, दुपारी चारची डोकेदुखी जी मी भूक समजून चहा-बिस्किटावर भागवायचे ती पण बहुतेक पाणी कमी पडल्याचीच, आणि लघवीचं इन्फेक्शन मला या आधी दोनदा झालंय. कितीही चांगला डबा आणला तरी हे त्याच्यानं भरून निघत नाही. मी इतकंच केलं की दुपारी एक वाजता गाडी काढून लॉजवर यायचं, अर्धा तास, डबा तिथेच खायचा आणि मग निर्धास्त पाणी प्यायचं, उरलेलं सकाळी आणि संध्याकाळी लॉजवर परत आल्यावर. तसं करून दीड-दोन लिटरपर्यंत गेले. ज्या दिवशी गोदाम ३० किलोमीटर लांब होतं त्या दिवशी ते पण जमलं नाही.

परत आल्यावर मी आमच्या ऑडिटच्या आधी पार्टीला जो फॉर्म पाठवतो, गोदामाचा पत्ता, क्षमता, वजनकाटा आहे का, त्यात एक ओळ वाढवायला सांगितली: महिलांसाठी वापरण्यासारखं स्वच्छतागृह आहे का, नसेल तर सर्वात जवळचं कुठे. साहेब लगेच हो म्हणाले. पहिल्या ५ फॉर्मपैकी ३ मध्ये "नाही" लिहून आलंय. एका मालकानं मात्र फोन करून सांगितलं, मॅडम, तुम्ही यायच्या आत दाराला कडी बसवतो.